साडेआठची गोळी

नाही, पण मला एक सांगा, गोळी चुकली का? नाही! वेळ चुकली का? मुळीच नाही! माणूस... आता माणसाचं जरा थांबा, ते मी सांगतो, पण सावकाश सांगतो, कारण ते माझं मलाच अजून नीटसं उमगलेलं नाही, आणि जे उमगलेलं नाही ते एका वाक्यात उरकायला मी काही डॉक्टर नाही. डॉक्टर उरकतात. 'वय झालंय!' संपलं! अहो, वय झालंय हे सांगायला एवढं शिकावं लागतं? ते तर आमचा दूधवालासुद्धा सांगतो! इथे माझ्या हाताला हे एवढं प्लास्टर, हिच्या कपाळाला चार टाके, मुलगी दोघांच्या मध्ये उभी, आणि बिचारीला कळत नाहीये की यांतल्या कुणावर ओरडायचं... आणि मी आपला एकच धोशा लावून बसलोय, की बाई गं, गोळी मी दिली, माझ्या या हाताने दिली, आणि साडेआठला दिली. साडेआठ म्हणजे साडेआठ!

तुम्हाला सांगतो, वेळेच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायचं नाही. छत्तीस वर्षं मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. सकाळचा भोंगा माझ्या हातात होता! मी बटण दाबलं की तीन हजार माणसं कामाला लागायची, आणि मी पुन्हा दाबलं की तीच तीन हजार माणसं डबे घेऊन पळायची. मला लोक नावाने कुठे ओळखत होते? 'भोंगेसाहेब' म्हणायचे. एकदा माझ्या सासऱ्यांना भेटायला दवाखान्यात जायचं होतं, ही दारात उभी, रिक्षा दारात उभी, आणि मी म्हटलं, दोन मिनिटं आहेत अजून. ते हिने मला पुढे तीस वर्षं ऐकवलं. आता ऐकवत नाही. आता तिला ते आठवत नाही... आणि खरं सांगू? ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

ही म्हणजे माझी बायको. मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती, एकतीस वर्षं. तिथल्या मुलांना तिचा काय धाक! आणि तेवढाच लळा. कितीही कडू औषध असू दे, पोरगं कितीही हातपाय झाडू दे, ही नुसतं जवळ जाऊन म्हणायची, 'आ कर बघू, शहाणं बाळ ते,' की औषध पोटात आणि पोरगं अजून विचार करतंय की रडायचं कधी! आता ही गेली चार वर्षं विसरते. आधी चष्मा विसरायची, मग गॅस विसरायला लागली, मग मुलीचं लग्न झालंय हे विसरली, आणि मधूनमधून मी कोण हेही विसरते. तसं तिच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नाही हो. कधी मी तिचा भाऊ असतो, कधी दवाखान्यातला रखवालदार असतो, चांगला दिवस असला की 'अहो' असतो. मी सगळं असतो. माझं काय जातंय?

त्रास होता तो संध्याकाळचा. सहा वाजले की हिची चुळबुळ सुरू. केस बांधणार, मनगटावर घड्याळ चढवणार, पिशवी भरणार. पिशवीत काय? दोन टॉवेल, एक चमचा, टीव्हीचा रिमोट! आणि म्हणणार, 'येते हं, नाइट आहे माझी.' अहो, कसली नाइट? निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली! एकदा मी जरा मोरीत गेलो तर ही गेली ना निघून! बसस्टॉपवर सापडली. तिथे एका परक्या पोराचे तळवे चोळत बसली होती, आणि त्याची आई बाजूला उभी राहून तिला विचारत होती, 'सिस्टर, ताप किती असेल हो?' आता यात वेडं कोण ते तुम्हीच ठरवा.

हे मुलीला कळलं. ती राहते लांब, रोज फोन करते. म्हणाली, 'बाबा, तुमच्याने हे होणार नाही. इथे एक चांगलं घर आहे अशा लोकांसाठी. दोघंही या.' मी म्हटलं, दोघंही म्हणजे? तर म्हणाली, 'म्हणजे... पुरुषांचा विभाग वेगळा आहे बाबा, पण जेवायला एकत्र असतात.' जेवायला! चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि भेट कधी, तर जेवणाच्या घंटेला! मला बाकी काही नको होतं हो. पैसा नको, सुख नको, काही नको. ही माझ्या घरात, माझ्या समोर राहावी, बस्स. म्हणून मी मुलीला सांगितलं, दोन महिने दे मला. डॉक्टरांना दाखवतो, औषध देतो, वेळच्या वेळी देतो. वेळेत तरी तुझ्या बापाला कुणी हरवणार नाही!

गेलो मेंदूच्या डॉक्टरांकडे. बाहेर आम्ही अडीच तास, आत आम्ही अडीच मिनिटं. मी सांगायला लागलो बसस्टॉपपासून, तर त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, 'संध्याकाळी अस्वस्थ?' हो. 'झोपत नाहीत?' नाही. 'अर्धी गोळी. रात्री जेवणानंतर. पंधरा दिवसांनी फोन करा.' मी विचारलं, 'याने काय होईल?' तर म्हणाले, 'शांत होतील.' आणि बेल वाजवली. अहो, बेल मीसुद्धा वाजवायचो, पण माणूस दारातून बाहेर पडल्यावर!

आता गोळी तर आणली. पण सिस्टरला गोळी द्यायची म्हणजे काय खायचं काम आहे? मी हातावर ठेवली, पाणी पुढे केलं. तिने गोळी उचलली, उलटी केली, सुलटी केली, दिव्याजवळ नेली, आणि मला विचारते, 'कुठल्या बेडची आहे ही?' मी म्हटलं, 'तुझीच आहे.' तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी चोरी करताना सापडलोय! 'स्टाफने पेशंटची औषधं घ्यायची नसतात.' आणि गोळी खिशात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर गोळी खिडकीतून बाहेर! मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, 'केळ्यात घाला की काका! मी आमच्या कुत्र्याला तसंच देतो.' मी म्हटलं, 'अरे, बायको आहे ती माझी!' तर तो शांतपणे म्हणतो, 'हो, पण केळं तेच.'

पटलं मला. मी पद्धतशीर माणूस आहे. सव्वाआठला आधी मी माझी कवळी काढून पाण्यात टाकायचो, ती माझी चाळीशी उलटल्यापासूनची सवय... म्हणजे कवळीची नव्हे, सव्वाआठची. मग केळ्याच्या पाच फोडी. गोळी तिसरीत. का तिसरीत? पहिलीवर माणूस संशय घेतो, शेवटची माणूस ठेवून देतो. तिसरी बेसावध खाल्ली जाते. आहे की नाही डोकं? वरून पुन्हा नीट बुजवायची, की ब्रह्मदेवाला पत्ता लागू नये. आणि वाटी तिच्या हातात कधी? साडेआठला. साडेआठ म्हणजे साडेआठ!

आणि पहिल्याच दिवशी काय झालं माहितीये? तिने वाटी घेतली. फोडींकडे बघितलं. हळूच बोटाने एकेक फोड जरा दाबून बघितली. मला वाटलं, केळं पिकलंय का बघते. मग एक उचलली, आणि माझ्याकडे बघून इतकी गोड हसली... आणि म्हणाली, 'आ करा बघू.' मला! अहो, चव्वेचाळीस वर्षांत या बाईने मला हाताने घास भरवलेला नाही! वेळेवर वाढलं, भरपूर वाढलं, कधीकधी आपटूनसुद्धा वाढलं, पण भरवलं कधी नाही. माझे डोळेच भरून आले. मी केला आ. तोंडात दात नाहीत, केळं मऊ, गेली फोड गिळून. तिने माझ्या हनुवटीला हात लावून तोंडात डोकावून बघितलं, गेली ना म्हणून. केवढी काळजी! आणि मग उरलेल्या चार तिने खाल्ल्या. वाटी रिकामी! गोळीचा तक्ता करून मी भिंतीवर लावला होता, त्यावर बरोबरची खूण केली, आणि मुलीला फोन लावला. म्हटलं, 'गोळी दिली. आणि तुझी आई... तुझी आई ना, अगं, आज मला...' ती तिकडे घाबरली, 'बाबा, काय झालं? पडली का?' मी म्हटलं, 'नाही गं, प्रेम उफाळून आलंय तिचं!'

रोज हं! रोज साडेआठला एक फोड मला. मी तर सहापासून वाट बघायला लागलो. या वयात!

आता गोळीचा गुण म्हणाल तर काही नाही. ही आपली जागीच. घरभर फेऱ्या मारायची. मी मात्र... काय झोप लागायला लागली हो मला! पाठ टेकली की गेलो. ज्या माणसाला साठ वर्षं घड्याळाच्या आधी जाग यायची, तो सकाळी साडेनऊला उठायला लागला. उठायचो तर अंगावर पांघरूण, चादरीचे कोपरे दवाखान्यात दुमडतात तसे घट्ट दुमडलेले, आणि ही उशाशी खुर्ची टाकून बसलेली. मला वाटलं, समाधानाची झोप आहे ही. प्रेम मिळालं की माणूस झोपतो.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांना फोन. 'झोपतात का?' नाही, फेऱ्या मारते. 'पूर्ण द्या.' दिली पूर्ण. महिन्याने फोन. 'झोपतात का?' नाही हो, आता तर मध्येच येऊन माझी नाडी बघते. 'दोन द्या.' दिल्या दोन. आता दोन गोळ्या एका फोडीत मावेनात, म्हणून एक तिसरीत, एक चौथीत. आणि बघा कसं असतं, त्या दिवसापासून ही मला दोन फोडी भरवायला लागली! मला संशय आला का? आला नाही! मला वाटलं, प्रेम वाढलं!

आणि इकडे माझी अवस्था विचारू नका. म्हणजे विचाराच. सकाळी उठलो की घर गरगर फिरायचं. चपला उलट्या पायांत. साबण फ्रिजमध्ये आणि लोणी मोरीत! जिभेवर शब्द यायचा आणि तिथेच बसून राहायचा. एकदा मी हिला सांगितलं, 'भोंगा झाला, निघतो मी.' आणि तिने माझा डबा भरून दिला! मी दारापर्यंत गेलोसुद्धा! घरात एक विसरभोळं माणूस असलं तर दुसरं त्याला अडवतं हो, पण दोघांनाही एकाच वेळी ड्यूटीवर जायचं असलं तर कुणी कुणाला अडवायचं?

मुलगी आली धावत. मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी परीक्षाच घेतली माझी. 'आज वार कोणता?' मी म्हटलं, काल कोणता होता ते सांगा, मी काढतो. 'शंभरातून सात वजा करत चला.' त्र्याण्णव... त्र्याण्णवातून सात गेले... गेले ते गेलेच. 'घड्याळ काढून दाखवा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.' मला! भोंगेसाहेबाला! मी कागदावर गोल काढला, आणि सगळे आकडे एका बाजूला गेले. एका बाजूला बारा आकडे, दुसरीकडे नुसता पांढरा कागद. मी तो कागद बघितला आणि घडी करून खिशात घातला. घरी ही अशी. आता मीही असा. मग हिला बघणार कोण?

डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाबांचंही सुरू झालंय. वय झालंय.' आणि मला दोन गोळ्या. एक आठवणीची, एक चक्करेची. त्यांना मेंदूच्या डॉक्टरांची गोळी माहीत नाही, कारण ती हिची. मेंदूच्या डॉक्टरांना मी माहीत नाही, कारण मी पेशंट नाही. मुलीने मला समोर बसवलं आणि म्हणाली, 'बाबा, आता पुरे झालं. महिनाअखेर मी त्या घरात दोन जागा सांगते.' माझ्या खिशात तो घड्याळाचा कागद होता. पण त्या संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात असताना मी केळं कापलं. गुंगी होती, डोकं चालत नव्हतं, पण हाताला वेळ माहीत होती. साडेआठ म्हणजे साडेआठ!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. चावी द्यायला स्टुलावर चढलो. चढलो ते आठवतंय. उतरलेलं आठवत नाही.

मनगट मोडलं. मुलीने उचलून दवाखान्यात टाकलं मला, चार दिवस. आणि आता इथून माझा गोंधळ आणखी वाढतो बघा, कारण दवाखान्यात मी सुधारायला लागलो! पहिल्या रात्री डोळ्याला डोळा नाही, दुसऱ्या दिवशी अंगाची थरथर, पण तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर डोकं कसं लख्ख! वॉर्डातल्या घड्याळाकडे बघितलं आणि सिस्टरला म्हटलं, 'सात मिनिटं मागे आहे हे.' तिने मोबाइल बघितला. सातच! वार सांगितला, तारीख सांगितली, शंभरातून सात करत करत दोनापर्यंत आलो, शेजारचा पेशंट वैतागून म्हणाला, 'काका, आता पुढे उरलंय काय?'

मी खूश. घरी फोन करावा म्हटलं, तर तेवढ्यात व्हीलचेअर आली वॉर्डात. तिच्यात ही.

कपाळाला पट्टी, तिच्यावर रक्त. मान छातीवर पडलेली. ओठांतून लाळ गळतेय. मी हाक मारली, तर डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. तुम्हाला सांगतो, ती मला विसरते तेव्हा मला वाईट वाटतं, पण ती तिथे असते. रखवालदार समजून का होईना, ती माझ्याकडे बघते. त्या खुर्चीत कुणीच नव्हतं. मी प्लास्टरचा हात घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मला वाटलं, गेली. माझ्या घरातून, माझ्या समोरून, गेली.

मुलगी मागे उभी. 'बाबा, मी तुमच्या तक्त्याप्रमाणेच केलं हो! साडेआठला दोन गोळ्या. केळंबिळं नाही केलं, पाण्यात विरघळवल्या आणि सरबतातून समोर बसून पाजल्या. दोन दिवस. काल दिवसभर गुंगीत होती, मला वाटलं तुमच्या काळजीने. आज सकाळी पलंगावरून उठली आणि पायच दुमडले तिचे... कपाटाची कड लागली.' मी म्हटलं, 'असं कसं? मी तर याच दोन गोळ्या कधीपासून देतोय! रोज! साडेआठ म्हणजे...' पण या वेळी माझ्या तोंडून ते पुरतं निघेना.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, म्हाताऱ्या माणसांच्याच डॉक्टर. वय काय असेल, आमच्या मुलीहून लहान. पण त्यांनी काय केलं माहितीये? खुर्ची ओढली आणि बसल्या! डॉक्टर बसतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. म्हणाल्या, 'हाड मोडलेलं नाही, नशीब. आता घरातली असतील नसतील ती सगळी औषधं पिशवीत भरून आणा. दोघांचीही.' मुलीने आणली. टेबलावर ओतली. काय तो ढीग! हिची, माझी, माझ्या सासऱ्यांचीसुद्धा एक बाटली निघाली, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली! बाई एकेक पाकीट बघत होत्या. त्या दोन गोळ्यांच्या पाकिटापाशी थांबल्या. 'या आई कधीपासून घेतायत?' दोन महिने. 'रोज?' रोज. 'आणि तरी घरभर फिरत होत्या?' हो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. 'आजोबा, शक्य नाही.' मी म्हटलं, 'तक्ता दाखवू?' त्या म्हणाल्या, 'तक्ता नको. तुम्ही द्यायचात कशी, ते मला करून दाखवा.'

गोळी थांबवली, सलाईन लावलं, दोन दिवसांनी ही पुरती जागी झाली. मला बघितलं आणि म्हणाली, 'अहो, हाताला काय झालं?' अहो म्हणाली! मी म्हटलं, आता दुनिया बुडाली तरी चालेल.

त्याच संध्याकाळी करून दाखवलं. दवाखान्याच्या पलंगावर ही बसलेली, समोर मी, कवळी काढून. बाजूला डॉक्टरीणबाई, मुलगी, वॉर्डातली सिस्टर. केळं मुलीने कापलं, माझा एक हात अडकलेला ना. गोळीच्या जागी पेपरमिंटची एक पांढरी गोळी. तिसरीत. बुजवली. वाटी दिली हिच्या हातात. हिने वाटी घेतली. बोटाने पहिली दाबली. दुसरी दाबली. तिसरी दाबली... थांबली. उचलली. माझ्याकडे बघून गोड हसली, आणि म्हणाली, 'आ करा बघू, शहाणं बाळ ते.'

मी केला आ. सवयच ती! आणि तोंडभर पेपरमिंट!

मुलीने तोंडावर हात धरलेला, ती रडतेय की हसतेय ते तिचं तिलाच माहीत. डॉक्टरीणबाई छताकडे बघतायत. शेवटी ती वॉर्डातली सिस्टर म्हणाली, 'काय हात आहे हो यांचा! किती वर्षं सर्व्हिस?' आणि मी? मी आपला बसलोय, पेपरमिंट चोखत, दोन महिन्यांचं प्रेम डोळ्यांसमोरून जातंय... साठ दिवसांच्या फोडी... आणि गोळ्या सगळ्या माझ्या पोटात!

मग बाईंनी समजावून सांगितलं. म्हणजे ही तिची गोळी मला द्यायची, म्हणून मी झोपत होतो, म्हणून मी पडलो. आणि हिने दोन महिने एकही घेतली नव्हती, तिला मुलीने एकदम दोन पाजल्या, म्हणून ती पडली. आणि तिला गुण येत नाही म्हणून डॉक्टर गोळ्या वाढवत होते, त्या मलाच वाढत होत्या. आणि त्या गोळ्यांनी मला गुंगी येते म्हणून आणखी दोन मिळाल्या, त्या मी स्वतःच घ्यायचो... थांबा, एकदा पुन्हा सांगतो. नको, राहू दे. मी बाईंनाही तीन वेळा विचारलं. त्या म्हणाल्या, 'आजोबा, असं लपवून औषध द्यायचं नसतं. विचारल्याशिवाय तर नाहीच नाही. गुण येत नाही, तर आधी बघायचं, गोळी पोटात जातेय का, आणि कुणाच्या.' माझी आठवणीची गोळी बंद, चक्करेची बंद. घड्याळ काढायला लावलं पुन्हा. काढलं! बारा आकडे, जिथल्या तिथे! मी तो कागद मुलीच्या हातात दिला आणि म्हटलं, बघ.

मी बाईंना हळूच विचारलं, 'पण ही मला का देत होती? मारायला निघाली होती का?' तशा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुम्हीच सांगितलंत ना, त्या गोळी कुठल्या बेडची ते विचारायच्या? त्यांच्या लेखी स्टाफ त्या आहेत. घरात दुसरं कोण आहे? पेशंट शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.' म्हणून दोन महिने ही पिशवी भरून निघाली नव्हती! माझ्या लक्षातच आलं नव्हतं! ड्यूटी घरातच होती ना तिची... मी त्या गुंगीत पडलेला, आणि ही उशाशी बसून माझी नाडी बघतेय. आता याला प्रेम म्हणायचं की नाही? तुम्ही काहीही म्हणा. मी म्हणतो, आहे.

असो. हिची शांततेची गोळी कायमची गेली. त्याऐवजी संध्याकाळी सहाला तिच्यापुढे टॉवेलांचा ढीग ठेवायचा. ती घड्या घालते. मी नंतर आत जाऊन विस्कटतो, पुन्हा आणून ठेवतो. घरातली सतरंजी काढली, मोरीत आधाराला दांडा बसवला, स्टूल मुलीने जप्त केलं. आणि त्या घरातल्या दोन जागा? मुलगी म्हणाली, 'एका अटीवर सोडते. दिवसभराची एक बाई ठेवायची, शिकलेली, पेशंट सांभाळणारी. पंधरा दिवस तिने बघायचं. तिने सांगितलं जमतंय, तर राहा इथेच. नाहीतर बाबा, मी एक शब्द ऐकणार नाही.' म्हणजे आमचा दोघांचा निकाल त्या बाईच्या हातात! मी दाढी केली, स्वच्छ कपडे घातले, हिचे केस बांधून दिले, मनगटावर घड्याळ घातलं, आणि दोघं समोरासमोर खुर्च्यांवर जाऊन बसलो.

आली ती बाई आज सकाळी. दारात उभी. एकीकडे मी, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, जिवाच्या धाकाने घामाघूम. दुसरीकडे ही, ताठ बसलेली, मांडीवर टॉवेलांची चळत. बाईने दोघांकडे बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि विचारलं, 'पेशंट कोण?'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही उठली. जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला माझ्यापाशी आणलं, आणि आवाज जरा खाली करून, पण मला ऐकू येईल असा, म्हणाली, 'नवीन दिसतेस. हे बघ, यांच्यावर ओरडायचं नाही. थोडं विसरतात, गडबडतात, पण स्वभावाने गरीब आहेत. आणि यांना घरी पाठवायची घाई करू नका हं... यांचं दुसरं कुणी नाही. मी आहे तोवर मी बघते.'

ती बाई पिशवीतून वही काढायला लागली, पेशंटची माहिती लिहायला. मी मुकाट्याने चांगला हात पुढे केला. तिने नाडी धरली, घड्याळाकडे बघत मोजली, आणि हिला म्हणाली, 'सिस्टर, जरा जलद आहे.'

ही म्हणाली, 'असू दे. भेटायला कुणी आलं की होते त्यांची.'